जगातला धक्का, जोगेश्वरीचा हिशेब

जुलै २०२१ मध्ये मुंबईत सीएनजी किलोला सुमारे ५२ रुपये होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तो ८६ रुपयांवर गेला. या सगळ्या काळात रिक्षाचे किमान भाडे २१ रुपयेच राहिले. ते २३ रुपये झाले १ ऑक्टोबर २०२२ पासून. जोगेश्वरी स्टेशनच्या पूर्वेकडून मेघवाडी, पूनमनगर, सीप्झच्या वाटेवर दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या रिक्षावाल्याने मधला फरक आपल्या कमाईतून भरला. रिक्षा स्वतःची नसेल आणि शिफ्टचे पैसे मालकाला रोज मोजायचे असतील, तर त्याच्या हाती आणखी कमी उरले. आधी युरोपातली गॅसटंचाई आणि मग युक्रेनवरचे रशियाचे आक्रमण, या दोन्हींची किंमत त्याने चुकवली.

जागतिक राजकारण, अर्थकारण आणि तंत्रज्ञान यांचा बाजारावर आणि समाजावर परिणाम होतो, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हा परिणाम कोणत्या वाटेने येतो, कोणाच्या खिशाशी येऊन थांबतो आणि ती वाट कोणी आखलेली असते? युद्ध, नाकेबंदी, आयातशुल्क यांवर आपला ताबा नसतो. त्यांचा भार कोणी उचलायचा हे मात्र नियमांनी ठरते, आणि त्यातले बरेचसे नियम दिल्लीत आणि मुंबईत लिहिले जातात. जोगेश्वरीतून हा प्रश्न तपासणे सोयीचे आहे. निर्यातीचे सीप्झ, वायदेबाजाराचे एमसीएक्स, जागतिक बँकेच्या पैशातून रुंद झालेला विक्रोळी जोडरस्ता आणि हप्त्यावर घर घेणारी कुटुंबे, हे सारे इथे हाकेच्या अंतरावर आहे.

१८६५ आणि १८७५

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. हाती आलेला पैसा शेअरांत शिरला. प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे सर्वांत मोठे नाव. बॅकबे भरावाच्या कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या आसपास पोचला आणि बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून कर्जे वाटली. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपत आले, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा पैसे देणारा कोणी उरला नाही. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबते. पण कापसाची तेजी ओसरल्यावर पतपुरवठा आटला, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला, आणि दख्खनच्या रयतेभोवती सावकारी कर्जाचा फास आवळला गेला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी कर्जखते जाळली. अहमदनगरपर्यंत हा उठाव पसरला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या दलालांनी आपली संघटना बांधली, जी पुढे मुंबई शेअर बाजार झाली. दलालांना आपला बाजार शिस्तीत ठेवणारी संस्था मिळाली. रयतेला संरक्षण देणारा दख्खन शेतकरी कायदा यायला १८७९ उजाडले. आधी बाजार सावरायचा आणि तळच्या माणसाची सोय मागाहून पाहायची, हा क्रम तेव्हापासून आजवर फारसा बदललेला नाही.

सोन्याचे दोन प्रसंग

१९६२ च्या चीन युद्धाने परकीय चलनाची चणचण वाढली. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. सोन्याची हौस त्यामुळे कमी झाली नाही. देशभरातल्या सोनारांचा धंदा बसला, हजारो कारागिरांच्या हाताचे काम गेले आणि कोकण किनाऱ्यावरच्या चोरट्या आयातीला बरकत आली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तोवर एक पिढी सरली होती.

दुसरा प्रसंग ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळल्यानंतरचा. तेल महागले, आखातातून येणारा पैसा अडला आणि सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. आधीच कर्जबाजारी असलेल्या देशाकडे काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. रिझर्व्ह बँकेचे ४७ टन सोने सहार विमानतळावरून परदेशी गहाण गेले. जोगेश्वरीपासून हा विमानतळ काही किलोमीटरवर आहे.

आज हे चक्र उलटे फिरताना दिसते. २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली, आणि परक्याच्या तिजोरीतली ठेव कितपत आपली, हा प्रश्न जगभरच्या मध्यवर्ती बँकांपुढे उभा राहिला. त्यानंतर सलग तीन वर्षे त्यांनी दरसाल हजार टनांहून अधिक सोने घेतले. रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधले सुमारे १०० टन सोने मायदेशी आणले. देशासाठी हे शहाणपणाचे पाऊल आहे. पण एप्रिल २०२५ मध्ये सोने तोळ्याला लाखावर गेले, तेव्हा मुलीच्या लग्नासाठी ग्रॅम ग्रॅम जमवणाऱ्या घराला मध्यवर्ती बँकांच्या त्याच शहाण्या खरेदीची झळ लागली.

रिक्षाच्या टाकीपर्यंतचे सूत्र

पुन्हा सीएनजीकडे येऊ, कारण धक्क्याची वाट इथे सर्वांत स्पष्ट दिसते. मुंबईच्या सीएनजीचा मोठा भाग देशातच, ओएनजीसीच्या विहिरींतून निघतो. मग युक्रेनच्या युद्धाने तो का महागावा? उत्तर २०१४ च्या एका सूत्रात आहे. त्यानुसार देशी गॅसचा भाव अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि रशिया इथल्या भावांच्या सरासरीवर ठरत असे आणि दर सहा महिन्यांनी बदलत असे. एप्रिल ते सप्टेंबर २०२१ मध्ये हा भाव एका एमएमबीटीयूला (गॅसमधल्या उष्णतेचे एकक) १.७९ डॉलर होता. मग २.९०, एप्रिल २०२२ मध्ये ६.१० आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ८.५७ डॉलर. दीड वर्षात जवळपास पाचपट! विहीर तीच होती आणि समुद्रही तोच. महागाई आली ती सूत्रातून.

१ एप्रिल २०२२ ला राज्य सरकारने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. दर ६६ वरून ६० रुपयांवर उतरला. आठवडा उलटायच्या आत तो ६७ झाला आणि महिनाअखेरीस ७६. राज्याने तिजोरीतून दिलेला दिलासा केंद्राच्या सूत्राने गिळला.

पुढे किरीट पारीख समितीच्या शिफारशींवरून एप्रिल २०२३ मध्ये सूत्र बदलले. जुन्या विहिरींच्या गॅसचा भाव आता भारताच्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या दहा टक्के धरला जातो. त्याला तळाशी ४ आणि वर ६.५ डॉलरची मर्यादा घातली गेली. मुंबईत सीएनजी एका फटक्यात ८ रुपयांनी उतरून ७९ वर आला. युद्ध त्या दिवशीही चालूच होते.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. भाव दाबून ठेवला तर नव्या विहिरी खोदायला कंपन्यांकडे पैसा आणि उत्साह उरत नाही. उत्पादन घटले की महाग आयात वाढते. २०२४ च्या अखेरीस शहरी गॅस कंपन्यांना मिळणारा स्वस्त देशी गॅस कमी झाला आणि दर पुन्हा चढले. म्हणजे मर्यादा घातली की काम संपले, असे नाही. पण २०१४ चे सूत्र आणि २०२३ चे सूत्र यांतला फरक हा भार कोणी वाहायचा यातला फरक होता. ग्राहक आणि रिक्षावाला यांच्यावरचा काही भार उत्पादक कंपनीकडे सरकला. हा निवडीचा प्रश्न होता आणि ती निवड करता आली.

सीप्झचे फाटक

१९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला सीप्झ (सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन) उभे राहिले. नावातच इलेक्ट्रॉनिक्स होते, काम निर्यातीचे होते. पुढे सॉफ्टवेअर आले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दागिन्यांचे कारखाने आले. आज हिरेजडित दागिन्यांच्या निर्यातीचे हे देशातले एक प्रमुख केंद्र आहे आणि अमेरिका त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. जोगेश्वरीतल्या कितीतरी घरांतला पगार या फाटकातून येतो. सेटिंग, पॉलिश, कास्टिंग, पॅकिंग अशा कामांवर चाळीतली चूल चालते.

अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लावले आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. या दुसऱ्या शुल्काचे कारण होते भारताने घेतलेले रशियन तेल. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेलाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता. नंतर तो तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. त्या स्वस्त तेलाने देशाचे डॉलर वाचवले, रिफायनऱ्यांचा नफा वाढवला आणि महागाईला थोडा लगाम घातला. फायदा असा सर्वत्र पसरला. शिक्षा मात्र दागिने, कोळंबी आणि कपडे करणाऱ्यांच्या वाट्याला आली. ज्या कारागिराने रशियन तेलाचा थेंबही पाहिला नाही, त्याच्या ओव्हरटाइमवर ती येऊन पडली.

इथे कोणाची चूक शोधण्यात अर्थ नाही. स्वस्त तेल घेणे देशहिताचे होते. पण देशहिताच्या निर्णयाची किंमत काही थोड्या लोकांनीच चुकवायची असेल, तर त्यांना सावरण्याची सोय आधीपासून हवी. नोकरी गमावलेल्यांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. ती ९० दिवसांपर्यंत निम्म्या पगाराइतका भत्ता देते. पीस रेटवर, कंत्राटदाराच्या हाताखाली, विम्याशिवाय काम करणाऱ्यापर्यंत ती पोचत नाही.

तारेपासून ॲपपर्यंत

१८७० मध्ये सागरी तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली आणि आठवड्यांनी येणारी बातमी काही तासांत येऊ लागली. १९९२ मध्ये हर्षद मेहता घोटाळा उघड झाला. त्यानंतर आलेल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये उपग्रहाच्या जोडणीने संगणकाच्या पडद्यावर व्यवहार सुरू केले. १९९६ पासून शेअर डिमॅट झाले. जानेवारी २०२३ मध्ये सगळे शेअरसौदे दुसऱ्या दिवशी पुरे होऊ लागले. खोटी सर्टिफिकेटे, हरवलेली टपाले, दलालाचा मनमानी भाव हे सारे गेले. तंत्रज्ञानाने सामान्य गुंतवणूकदाराला दिलेले हे मोठे देणे आहे.

त्याच तंत्रज्ञानाने धोका घरापर्यंत आणला, हेही खरे. २० एप्रिल २०२० ला टाळेबंदीत जगभरची तेलाची मागणी आटली होती. न्यूयॉर्कमध्ये तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. अंधेरीच्या एमसीएक्सवर तेलाचा सौदा न्यूयॉर्कच्या भावानेच पुरा होतो. टाळेबंदीमुळे इथला बाजार संध्याकाळी ५ वाजता बंद झाला, तेव्हा भाव ९६५ रुपये होता. रात्री न्यूयॉर्क कोसळले आणि एमसीएक्सचा अखेरचा भाव ठरला उणे २,८८४ रुपये. १०० पिंपांचा एक सौदा धरून बसलेल्याचे एका रात्रीत पावणेचार लाखांहून अधिक गेले. बाहेर पडायला त्याला दार उघडे नव्हते.

मोबाइलवर ऑप्शनचा सट्टा खेळणाऱ्यांची कहाणी याहून व्यापक आहे. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ व्यक्तींना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये समोरच्या बाजूला बसलेल्या परदेशी संस्थांचा ९७ टक्के आणि दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या व्यवहारांचा ९६ टक्के नफा संगणकी अल्गोरिदममधून आला. जुलै २०२५ मध्ये सेबीने अमेरिकेच्या जेन स्ट्रीट या कंपनीवर निर्देशांकात फेरफार केल्याचा ठपका अंतरिम आदेशात ठेवला आणि ४,८४३ कोटी रुपये अडकवले. कंपनीने आरोप नाकारला. निकाल काहीही लागो, एका बाजूला यंत्रांची फौज आणि दुसऱ्या बाजूला लोकलमध्ये उभ्याने ॲप चालवणारा पोरगा, ही लढत बरोबरीची नाही. नोव्हेंबर २०२४ पासून सौद्याचे किमान मूल्य १५ लाख झाले आणि साप्ताहिक मुदतींवर बंधने आली. तरी २०२४-२५ मध्येही ९१ टक्के लोक तोट्यातच होते.

तंत्रज्ञान स्वतःही आता राजकारणाचे हत्यार झाले आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियन भागीदारी असलेल्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीवर निर्बंध लावले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. पैसे भरलेली ईमेल सेवा परक्या राजधानीतल्या निर्णयाने थांबू शकते, हे त्या दिवसांनी दाखवले. रुपे आणि यूपीआयचे महत्त्व या संदर्भात कळते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ मध्ये २ हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातल्या खुर्चीपासून भाजीच्या जुडीपर्यंतचे पैसे ज्या व्यवस्थेतून जातात, ती आपल्या देशाची आहे.

हप्ता आणि एसआयपी

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर जवळपास शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. इकडे रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्के केला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या दराला, बहुधा रेपोला, जोडलेली आहेत. त्यामुळे वाढ लगेच कर्जदाराकडे आली. २० वर्षांचे ४० लाखांचे कर्ज साडेसहा टक्क्यांनी असेल तर हप्ता सुमारे २९,८०० रुपये येतो. नऊ टक्क्यांनी सुमारे ३६,०००. बँका बहुधा हप्त्याऐवजी मुदत वाढवतात. मग महिन्याचे गणित तेच राहते आणि निवृत्तीनंतरही कर्ज उरते.

दुसरीकडे घराघरांतली बचत बाजारात आली. डिमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती. २०२५ मध्ये ती २० कोटींच्या आसपास पोचली. एसआयपीतून सप्टेंबर २०२५ मध्ये एका महिन्यात २९ हजार कोटींहून अधिक रक्कम आली. मार्च २०२५ च्या तिमाहीअखेर शेअर बाजारात देशी संस्थांचा वाटा प्रथमच परदेशी संस्थांपेक्षा जास्त झाला. पूर्वी परदेशी पैसा निघाला की बाजार ढासळे. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली गेला होता. आता परदेशी विकतात तेव्हा एसआयपीचा पैसा घेतो.

हे देशाच्या दृष्टीने बळ आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. बाजाराला आता जो आधार मिळतो, तो महिन्याला दोन-तीन हजार बाजूला टाकणाऱ्या माणसाच्या जोखमीतून मिळतो. त्याच काळात, २०२२-२३ मध्ये, कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्क्यांवर, म्हणजे अनेक दशकांच्या नीचांकावर आली. भिशी, पतपेढी, मुदत ठेव, भविष्यनिर्वाह निधी यांचे परतावे कमी असत, पण बाजार पडला म्हणून ते आटत नसत. त्यांतही फसगत झाली. सुरक्षित समजल्या जाणाऱ्या यूएस-६४ या युनिट योजनेची पुनर्खरेदी २००१ मध्ये गोठली आणि पीएमसी या सहकारी बँकेवर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा आरंभी हजार रुपयेच काढता येत होते. त्या धक्क्यानंतर ठेवींचे विमासंरक्षण १ लाखावरून ५ लाख झाले. पुन्हा तोच क्रम, आधी माणसे रस्त्यावर आली आणि मग नियम आला.

निर्देशांकात न मोजलेले

जानेवारी १९९३ च्या दंगलीत जोगेश्वरी होरपळली. १२ मार्चला मुंबईत स्फोटांची मालिका घडली आणि पहिला स्फोट शेअर बाजाराच्या इमारतीत झाला. काही दिवसांत बाजार उभा राहिला आणि त्याच्या धैर्याचे कौतुक झाले. जोगेश्वरीच्या वस्त्यांना तसे उभे राहता आले नाही. माणसांनी घरे बदलली, वस्त्या धर्मावरून अधिक घट्ट वेगळ्या झाल्या, शेजारधर्मावर चालणारी उसनवारी आणि भिशी आटली. बाजार सावरला म्हणजे समाज सावरला, असे मानणे ही मोठी गफलत आहे. निर्देशांक शेअरांचे भाव मोजतो, विश्वास मोजत नाही.

बाहेरून येते ते सारे वाईटच असते, असेही नाही. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचे रुंदीकरण जागतिक बँकेच्या साहाय्याने झाले. पुनर्वसनाच्या तक्रारींवरून बँकेने २००६ मध्ये प्रकल्पाचा निधी काही महिने रोखला, म्हणून विस्थापितांच्या म्हणण्याकडे लक्ष गेले. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोत जपानचे कर्ज आहे, द्रुतगती महामार्गावरच्या मेट्रोत आशियाई विकास बँकेचे. पैशाला लावलेली अट योग्य असेल, तर परका पैसाही इथल्या माणसाच्या बाजूने उभा राहू शकतो.

मग काय करायचे

अर्थतज्ज्ञांमध्ये यावर दोन प्रमुख मते आहेत. पहिले सांगते की जगातले भाव देशात जसेच्या तसे येऊ द्यावेत. त्यामुळे उधळपट्टी थांबते, तिजोरी वाचते आणि गरिबाला थेट मदत देता येते. दुसरे सांगते की जीवनावश्यक गोष्टी धक्क्यापासून दूर ठेवाव्यात. पहिल्या मतातला तर्क भक्कम आहे, पण त्यातली थेट मदत बहुतेक वेळा येतच नाही किंवा उशिरा येते, हे सुप्यापासून सीप्झपर्यंतचा अनुभव सांगतो. दुसऱ्या मतातली माया खरी आहे, पण तिची किंमत कोणीतरी भरतोच. म्हणून भाव बदलू द्यायचे, पण भार उचलण्याची रीत धक्क्याच्या आधी ठरवून ठेवायची, हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

त्याचा अर्थ अगदी ठोस आहे. इंधनाचा दर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की रिक्षाभाड्याचा फेरविचार ठरलेल्या दिवसांत झालाच पाहिजे, आणि दर उतरला की भाडेही. निर्यातक्षेत्रातल्या कंत्राटी आणि पीस रेटवरच्या कामगारांना विम्याच्या कक्षेत आणल्याशिवाय निर्यातीच्या सवलती देऊ नयेत. ऑप्शनचा व्यवहार करू देण्याआधी माणसाचे उत्पन्न आणि समज तपासावी. कर्जाची मुदत वाढवताना एकूण किती व्याज वाढले, हे बँकेने मराठीत लिहून द्यावे. यातली एकही गोष्ट वॉशिंग्टन किंवा मॉस्कोच्या परवानगीवर अवलंबून नाही. परिवहन प्राधिकरण, कामगार खाते, सेबी आणि रिझर्व्ह बँक यांची दारे याच मुंबईत आहेत, आणि पुढचा धक्का बसण्याआधी ती ठोठावणे हे आपले काम आहे.